सी ड्रॅगन खरंच बनवता आलं असतं का? कागदावरच राहिलेल्या महाकाय रॉकेट्सबद्दल

खगोलवेडा_नाशिक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. हल्लीच एका सिरीजमध्ये एक अवाढव्य रॉकेट समुद्राच्या पाण्यातून सरळ वर येताना बघितलं. मला वाटलं सगळी कल्पनाच असणार, पण शोधायला गेलो तर ते खरोखर मांडलेलं डिझाईन निघालं, नाव सी ड्रॅगन, साल १९६२, एरोजेट कंपनीतल्या रॉबर्ट ट्रुॲक्स यांचा अभ्यास. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.

आकडेच तसे आहेत. उंची १५० मीटर, व्यास २३ मीटर, भरल्यावर वजन १८,००० टनांच्या आसपास, आणि पहिल्या टप्प्याला इंजिनं किती तर एक. एकच! त्याचा थ्रस्ट (वर ढकलणारा जोर) ३६,००० टन, म्हणजे चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न ५ च्या पाचही इंजिनांचा मिळून जो ३,४०० टन होता त्याच्या दहापट. पृथ्वीजवळच्या कक्षेत न्यायचा माल ५५० टन. अंदाज यावा म्हणून सांगतो, चांद्रयान-३ नेणारं इस्रोचं एलव्हीएम-३ उड्डाणाच्या वेळी इंधनासकट ६४० टन भरतं. म्हणजे आपलं आजचं सगळ्यात मोठं रॉकेट, इंधन थोडं कमी भरलं तर, सी ड्रॅगनच्या डोक्यावर सामान म्हणून बसलं असतं.

तर विचारायचं हे की त्या काळात हे बनवता आलं असतं का, आणि आलं असतं तर मग बनवलं का नाही? नुसते पैसे नव्हते म्हणून, की इंजिनियरिंगमध्येच कुठेतरी गोम होती? आणि अशी अजून कोणती राक्षसी रॉकेट्स कागदावरच राहिली तेही सांगा, मला सगळं वाचायचंय.

---

जुना_वाचक

छान धागा. सी ड्रॅगन हा माझा अनेक वर्षांचा आवडता विषय आहे त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी ट्रुॲक्स काय म्हणत होते ते समजून घ्यायला हवं, नाहीतर हे रॉकेट नुसता अचाटपणा वाटतं. ते नौदलातून आलेले. त्यांचं म्हणणं असं की रॉकेटचा खर्च त्याच्या आकारावर फारसा ठरत नाही, तो ठरतो गुंतागुंतीवर, म्हणजे सुटे भाग किती, ते किती नाजूक, किती काटेकोर मापात बनवावे लागतात, किती वेळा तपासावे लागतात यावर. पत्रा आणि केरोसीन त्या मानाने स्वस्त. मग वजन वाचवायला नाजूक भाग लावत बसण्यापेक्षा रॉकेटच एवढं मोठं आणि एवढं साधं करा की थोडं जड झालं तरी बिघडत नाही. म्हणून दोनच टप्पे, दर टप्प्याला एकच मुख्य इंजिन, आणि टर्बोपंप, म्हणजे इंधन जोरात इंजिनात ढकलणारे पंप, अजिबात नाहीत. पहिल्या टप्प्यात केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन, टाकीतच वायूचा दाब देऊन इंधन इंजिनात ढकलायचं. दुसऱ्या टप्प्यात द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन, तिथेही दाबानेच.

आता समुद्र का, तर एवढा थ्रस्ट झेलणारा लाँच पॅड बांधायचा म्हटला तर तोच रॉकेटच्या वर महाग पडेल, आणि आवाज एवढा की आसपासच्या बऱ्याच मैलांत काही ठेवता येणार नाही. पाण्याला काही होत नाही आणि दर उड्डाणानंतर ते दुरुस्तही करावं लागत नाही. योजना अशी होती की रॉकेट जहाजाच्या गोदीत बनवायचं, आडवं पाण्यात सोडायचं, जहाज ओढतात तसं ओढत केप कॅनव्हेरलपर्यंत न्यायचं, केरोसीन भरायचं, मग खोल समुद्रात न्यायचं. तिथे अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका उभी राहणार आणि तिच्या विजेवर समुद्राच्याच पाण्याचं विघटन करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार करायचा. एक किलो हायड्रोजनला साधारण ५० युनिट वीज लागते आणि सोबत ८ किलो ऑक्सिजन मिळतो, म्हणजे दर १,००० टन ऑक्सिजनमागे ६० लाख युनिटच्या वर वीज, आणि इथे तर ऑक्सिजनच हजारो टन लागणार होता, त्यामुळे अणुभट्टीवाली बोट हा काही शोभेचा भाग नव्हता.

सगळं भरून झालं की इंजिनाच्या नोझलला खाली लावलेल्या बॅलास्ट (वजन वाढवायच्या) टाकीत पाणी सोडायचं. बूड जड झालं की रॉकेट हळूहळू उभं राहतं, वरचा टप्पा तेवढा पाण्याबाहेर. मग इंजिन पेटवायचं. पहिलं इंजिन जळणार जेमतेम ८१ सेकंद, तेवढ्यात उंची ४० किलोमीटर. हिशोब केला तर सेकंदाला दीडशे टनांच्या आसपास इंधन आणि ऑक्सिजन जातंय. सॅटर्न ५ ची पाचही इंजिनं मिळून सेकंदाला तेरा टन जाळायची.

आणि हे नुसतं कागदावर नव्हतं. सी बी नावाच्या प्रयोगात त्यांनी एक जुनं एरोबी रॉकेट पाण्याखालून उडवता येईल असं करून घेतलं आणि ते पहिल्याच वेळी नीट चाललं. मग सी हॉर्स, त्यात जुनं कॉर्पोरल क्षेपणास्त्र घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत बार्जवरून, आधी पाण्याच्या वर आणि मग टप्प्याटप्प्याने खोल नेत पेटवून बघितलं. पुढे टीआरडब्ल्यू कंपनीला सगळा अभ्यास तपासायला दिला, त्यांनी खर्चाचे अंदाज मोडीत काढतील अशी अपेक्षा होती पण त्यांचेही आकडे जवळपास तेच आले. टॉड शिपयार्ड्सकडेही चौकशी झाली, बांधणी आपल्या आवाक्यातली आहे असं त्यांचं मत पडलं.

त्यामुळे माझं उत्तर, हो, बनवता आलं असतं.

---

प्लेट_आणि_वेल्ड

जुना_वाचक यांनी फार छान लिहिलंय पण शेवटच्या ओळीशी मी सहमत नाही, निदान "गोदीत जहाजासारखं बनवायचं" या भागाशी तरी नाही. मी प्रेशर व्हेसलच्या कामात आहे, पुण्याजवळ आमचं फॅब्रिकेशन चालतं, त्यामुळे त्या टाकीकडे माझी नजर आधी गेली.

टर्बोपंप काढला म्हणजे काम गेलं नाही, ते टाकीवर आलं. इंजिनाच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंधन जळतं त्या भागात, २० वातावरण (हवेच्या दाबाच्या वीसपट) दाब हवा तर टाकीत त्याहून जास्त पाहिजे, केरोसीनच्या टाकीत ३२ वातावरण धरलेला होता. आता आम्ही रोज करतो तो हिशोब करा, जाडी म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले पोलादाला झेपणारा ताण. त्रिज्या साडेअकरा मीटर. साधी बॉयलर प्लेट, जिला आम्ही १३८ मेगापास्कलच्या वर ताण देत नाही, ती वापरली तर जाडी येते पाव मीटरच्या वर! एवढ्या जाडीचं रॉकेट जागचं हलणार नाही. रॉकेटवाले सेफ्टी फॅक्टर कमी धरतात, मान्य, आणि हजार मेगापास्कल झेलणारं मॅरेजिंग स्टील (खास कडक मिश्र पोलाद) घेतलं तर जाडी ३५-४० मिलिमीटरवर येते, ते जमण्यासारखं आहे. पण मग ते जहाजाचं पोलाद राहत नाही. इतक्या कडक पोलादाचं दुखणं हे की वेल्डमध्ये केसाएवढी भेग राहिली तरी ती दाबाखाली क्षणात पळते. जहाजाच्या कुशीला भेग गेली तर पाणी आत येतं, पंप लावता येतो, दुरुस्त करता येते. इथे २३ मीटर व्यासाचं कवच फुटतं.

आणि हे मी तर्काने नाही बोलत, त्याच वर्षांत घडलेलं आहे. नासाने तेव्हा २६० इंच म्हणजे ६.६ मीटर व्यासाच्या घन इंधनाच्या मोटरचा कार्यक्रम हाती घेतला होता, सॅटर्नचा पहिला टप्पा म्हणून वापरता येईल का बघायला. थायोकॉल कंपनीसाठी तिचं कवच न्यूपोर्ट न्यूज या गोदीत बनलं, जिथे पाणबुड्या आणि विमानवाहू बांधतात, म्हणजे वेल्डिंगमधले अगदी वरचे लोक. १९६५ च्या एप्रिलमध्ये हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाब देऊन तपासणी) चालू असताना ठरलेल्या दाबाच्या निम्म्याहून थोडं वर गेलं आणि कवच फुटून तुकडे झाले. कारण वेल्डमधले दोष. हायड्रो टेस्टला आम्ही पाणी का भरतो, तर पाणी दबत नाही, त्यामुळे फुटलं तरी ऊर्जा कमी सुटते, आणि तरीही त्या कवचाचे तुकडे उडाले. सी ड्रॅगनमध्ये आत नायट्रोजन दाबून भरलेला असणार होता.

दुसरी बाजूही सांगतो. एरोजेटने तीच २६० इंची मोटर सन शिपयार्डमधून बनवून घेतली, ती टेस्ट पास झाली, आणि फ्लोरिडात एव्हरग्लेड्सच्या कडेला जमिनीत खोल विहिरीसारखा सायलो खणून, नोझल वर तोंड करून ती पेटवली, १९६५ ते ६७ मध्ये तीन वेळा. तिसऱ्या वेळी थ्रस्ट अडीच हजार टनांच्या वर गेला, एकट्या मोटरचा. मग पैसे थांबले. मोटर नेण्यासाठी एक कालवाही खणला गेला होता, तो आजही आहे, आणि शेवटची मोटर त्या सायलोतच राहिली. म्हणजे गोदीतून रॉकेटचं कवच बनतं, पण त्यासाठी गोदीला जहाज बांधायची सवय सोडावी लागते, प्रत्येक इंच वेल्डचा एक्स-रे, हीट ट्रीटमेंट, सगळं. मग ट्रुॲक्स यांचा "साधं म्हणून स्वस्त" हा पायाच थोडा हलतो असं माझं ठाम मत आहे.

---

खगोलवेडा_नाशिक

वा! अशीच माहिती हवी होती. एक शंका, पाण्याखाली इंजिन पेटतंच कसं? आणि एकच इंजिन ठेवण्यात धोका नव्हता का, आता तर सगळे भरपूर छोटी इंजिनं लावतात.

---

मिहीर_के

पेटण्याचं सोपं आहे. ऑक्सिजन रॉकेट स्वतःबरोबर नेतं त्यामुळे त्याला हवा लागतच नाही. नोझलमधलं पाणी बाहेर ढकलण्याएवढा दाब तयार झाला की झालं, सी हॉर्सच्या चाचण्या त्यासाठीच होत्या.

एका इंजिनाचं मात्र सोपं नाही, आणि माझ्या मते सी ड्रॅगनची खरी गोम टाकीत नाही, तिथे आहे. सॅटर्न ५ च्या एफ-१ इंजिनाचं उदाहरण घ्या. त्याचं चेंबर साधारण एक मीटर रुंद. सुरुवातीला ते इंजिन चाचणीत आपोआप स्फोट होऊन जायचं, कारण आतल्या ज्वाळेत दाबाच्या लाटा तयार व्हायच्या, भिंतीवर आपटून परत यायच्या, ज्वाला त्या लाटेला अजून जोर द्यायची आणि सेकंदाच्या काही भागात इंजेक्टर (चेंबरमध्ये इंधन फवारणारी छिद्रांची तबकडी) वितळून जायचा. जून १९६२ मध्ये असंच एक इंजिन गेलं, म्हणजे सी ड्रॅगनचा अभ्यास चालू होता त्याच वर्षी. त्यावर उपाय कोणाला गणिताने सापडला नाही. दोन हजारांच्या आसपास पूर्ण आकाराच्या चाचण्या घेतल्या, चालू इंजिनात मुद्दाम छोटे बॉम्ब फोडून बघितलं की लाट आपोआप शमते का, इंजेक्टरच्या तोंडावर तांब्याचे पडदे लावून कप्पे केले, छिद्रांचे कोन बदलले, तेव्हा कुठे ते शांत झालं.

आता हेच चेंबर दहापट रुंद करा. आवाजाला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायला दहापट वेळ, म्हणजे लाटेची वारंवारता शेकड्यांवरून दहाच्या घरात उतरते, आणि तिथे ती नुसती चेंबरमध्ये राहत नाही, पाइप, टाकी, अख्खं रॉकेट त्या वारंवारतेला डोलायला लागू शकतं. एफ-१ साठी दोन हजार चाचण्या परवडल्या कारण ते इंजिन स्टँडला बांधून पेटवता येत होतं. ३६,००० टनांचं इंजिन कशाला बांधणार? जमिनीवर तसा स्टँड होऊच शकत नाही. समुद्रात पेटवायचं, आणि बिघडलं तर प्रत्येक वेळी जहाजाएवढी वस्तू तळाला. एक एक धडा केवढ्याला पडला असता बघा.

दाब कमी असल्याने थोडा फायदा होता हे मान्य, एफ-१ मध्ये ७० च्या आसपास वातावरण, इथे २०. कमी दाबाचं इंजिन जरा सोशिक असतं. पण जगात कोणीही एफ-१ एवढ्या थ्रस्टचं एका चेंबरचं द्रव इंधनाचं इंजिन त्यानंतर उडवलेलं नाही, साठ वर्षं होत आली. रशियनांचं आरडी-१७० त्याच्या वर जातं पण त्याला चार चेंबर आहेत, आणि त्याचं कारण हेच.

---

अश्विनी_एस

वरचे सगळे प्रतिसाद आवडले. इंजिन आणि टाकी या अडचणी मोठ्या होत्या यात वाद नाही, पण मला वाटतं त्या अडचणीपर्यंत कोणी पोचलंच नाही. सी ड्रॅगन मेलं त्याचं कारण इंजिनाच्या खाली नव्हतं, वरच्या टोकाला होतं. ५५० टनाचं असं काय होतं जे कोणाला वर न्यायचं होतं?

हे नीट कळायला नोव्हाची गोष्ट बघा. १९६१-६२ पर्यंत नासात बऱ्याच जणांचा समज असा की चंद्रावर जायचं तर एकच मोठं यान थेट उतरवायचं आणि तेच परत उडवायचं. मग परतीचं सगळं इंधन, उष्णतेची ढाल, सगळं चंद्राच्या जमिनीवर न्या आणि परत उचला. त्याला सॅटर्न ५ पुरत नव्हतं, म्हणून नोव्हा, पहिल्या टप्प्याला आठ एफ-१ असलेलं. नासाच्या लँग्ली केंद्रातले जॉन हुबोल्ट मात्र चिकाटीने सांगत राहिले की मोठं यान चंद्राभोवती फिरत ठेवा आणि फक्त एक छोटं यान खाली पाठवा. आधी फारसं कोणी ऐकलं नाही. जून १९६२ मध्ये फॉन ब्राउन यांनी, म्हणजे ज्यांच्या केंद्राला मोठी रॉकेट्स बनवण्यात सगळ्यात जास्त रस असायला हवा त्या माणसाने, हुबोल्टच्या बाजूने मत दिलं, आणि जुलैमध्ये नासाने तसं जाहीर केलं. उतरणारं यान १५ टनांच्या आसपास आलं. झालं, नोव्हाची गरज संपली. रॉकेटमध्ये काही कमी होतं म्हणून नाही, एका माणसाने वजनाचा हिशोब वेगळ्या तऱ्हेने मांडला म्हणून.

त्यानंतर नोव्हा मंगळाच्या नावाने काही काळ तग धरून राहिलं. १९६२-६३ मध्ये जनरल डायनॅमिक्स, मार्टिन वगैरे कंपन्यांनी दहा लाख पौंड म्हणजे साडेचारशे टन माल नेणारी डिझाईन्स काढली, क्राफ्ट एरिकेचं नेक्सस तर त्याच्याही दुप्पट, ९०० टन, आणि परत समुद्रात उतरून पुन्हा वापरायचं. डग्लसच्या फिलिप बोनो यांचं रॉम्बस होतं, त्याचाच एक भाऊ १,२०० सैनिक एका खंडातून दुसऱ्या खंडात नेण्यासाठी सुचवलेला. ही चित्रं बघताना आजही अंगावर काटा येतो, इतकी सुंदर आहेत. पण नासाचा खर्च १९६६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी खर्चाच्या ४ टक्क्यांच्या वर जाऊन खाली यायला लागला, मंगळाची मोहीम मंजूर झालीच नाही, आणि सी ड्रॅगनवर काम करणारा भविष्यातल्या प्रकल्पांचा विभाग बंद झाला. सॅटर्न ५ सुद्धा १५ बनले आणि १३ उडाले. उरलेल्यांचे भाग ह्यूस्टन आणि केनेडी सेंटरमध्ये आडवे ठेवलेत. उडायला तयार असलेल्या, माणसं चंद्रावर नेऊन आणलेल्या रॉकेटलाही काम उरलं नाही, तर त्याच्या पाचपट रॉकेटला कुठून मिळणार?

अजून एक उदाहरण देते, सोव्हिएत एनर्जिया. ते बनलं, १०० टन नेण्याची ताकद होती, १९८७ आणि १९८८ अशी दोन उड्डाणं झाली आणि दोन्ही वेळा रॉकेटने आपलं काम चोख केलं. दुसऱ्यांदा तर बुरान हे सोव्हिएत शटल यान वर नेलं. मग देशच संपला, नेण्यासारखं काही राहिलं नाही, आणि त्याचा मोठा भाऊ वल्कन, आठ बूस्टरचा, कागदावरच राहिला.

---

खारघरचा_मंदार

अश्विनीताई, मुद्दा पटतो पण पूर्ण नाही. ५५० टनाचं काही नव्हतं कारण ५५० टन नेणारं काही नव्हतं! आंतरराष्ट्रीय स्थानक बघा, वजन ४२० टनांच्या आसपास, १९९८ पासून २०११ पर्यंत ४० च्या वर फेऱ्या करून तुकडा तुकडा जोडत बसले, किती स्पेसवॉक, किती सांधे, किती वर्षं. सी ड्रॅगनने ते एका फेरीत नेलं असतं आणि वर शंभर टन जागा उरली असती. मोठं रॉकेट असतं तर यानं हलकी करण्यासाठी जी कसरत करतात तीच करावी लागली नसती, दणकट स्वस्त पोलादाची यानं बनली असती. ज्या लोकांनी ६० च्या दशकात हे सगळं रेखाटलं त्यांना हेच दिसत होतं, आणि मला खरंच वाईट वाटतं की त्यातलं एकही उडालं नाही.

आणि कोणी ओरायनचं नाव कसं घेतलं नाही? सी ड्रॅगन त्याच्यासमोर सरळमार्गी वाटेल. १९५८ मध्ये जनरल ॲटॉमिक मध्ये टेड टेलर आणि फ्रीमन डायसन यांनी काम सुरू केलं, मूळ कल्पना स्टॅनिस्लॉ उलाम यांची. यानाच्या बुडाला जाड पोलादी तबकडी, तिच्यामागे एकामागून एक छोटे अणुबॉम्ब फोडायचे, दर धक्क्याने यान पुढे, मध्ये मोठाले शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे आतली माणसं चेंगरू नयेत. एक डिझाईन ४,००० टनांचं होतं आणि ते थेट जमिनीवरून उडणार होतं. डायसन यांना १९७० पर्यंत शनीला जायचं होतं, आणि ते अगदी मनापासून.

तबकडी जळून जाईल असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. पण एनिवेटॉकच्या एका अणुचाचणीत ग्राफाइट लावलेले पोलादी गोळे बॉम्बपासून काही मीटरवर टांगले होते, आणि ते नंतर शाबूत सापडले, वरचा नुसता पातळ थर गेला होता, कारण स्फोटाची झळ लागते ती फारच थोडा वेळ. आणि १९५९ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन दिएगोजवळ पॉइंट लोमाला एक मीटर व्यासाचं मॉडेल साध्या स्फोटकांवर खरंच उडवलं, धडाधड धडाधड स्फोट होत ५० मीटरच्या वर गेलं आणि पॅराशूटने खाली आलं. त्याची फिल्म आहे, नक्की बघा.

थांबलं ते १९६३ च्या करारामुळे, हवेत, अंतराळात आणि पाण्याखाली अणुस्फोट बंद. आणि माझ्या मते ते बरोबरच झालं. दर उड्डाणाने किती किरणोत्सारी धूळ पडेल आणि त्याने जगभरात किती माणसं कर्करोगाने जातील याचा हिशोब स्वतः डायसन यांनीच केला होता, आणि तो शून्य येत नव्हता. १९६५ मध्ये प्रकल्प बंद झाला.

---

अश्विनी_एस

मंदार, स्थानक एका फेरीत जाणं ऐकायला फार छान वाटतं. पण मग सगळं एकाच उड्डाणावर लावायचं, अमेरिका, रशिया, जपान, युरोप, कॅनडा सगळ्यांची वर्षानुवर्षांची मेहनत एका टोकाला, आणि बुडाला, मिहीरने वर लिहिलंय तसं, चाचणी न झालेलं एक इंजिन. वर्षातून एकदा उडणारं रॉकेट कधी भरवशाचं होत नाही, पुन्हा पुन्हा उडाल्यानेच होतं. फेऱ्या छोट्या असल्या तर एक फसली तरी काम चालू राहतं. आणि "आधी रॉकेट बनवू, माल आपोआप येईल" हे एनर्जियाने करून बघितलंच की.

ज्यांना ते जमलं त्यांनी मालही स्वतःच तयार केला. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ ला भरपूर काम मिळालं ते बाहेरच्या गिऱ्हाइकांपेक्षा त्यांच्याच स्टारलिंकच्या उपग्रहांनी. १९६२ मध्ये नासाकडे तसं काही नव्हतं.

---

प्लेट_आणि_वेल्ड

थोडं अवांतर पण धाग्यात बसेल, रशियाच्या बाजूचं. सोव्हिएत रॉकेटांचे मुख्य डिझायनर कोरोलेव यांचं चंद्रासाठीचं एन-१ सगळ्यांना माहीत असतं, ते बनलं, १९६९ ते ७२ मध्ये चार वेळा उडालं आणि चारही वेळा फसलं, खाली ३० इंजिनं. पण त्याला पर्याय म्हणून त्यांचे प्रतिस्पर्धी डिझायनर चेलोमेई यांनी यूआर-७०० मांडलं होतं, अनेक दशकं उडत आलेल्या प्रोटॉन रॉकेटचं ते मोठं भावंड म्हणा. १५० टनांच्या आसपास माल आणि चंद्रावर थेट उतरायची योजना, म्हणजे अमेरिकेने सोडून दिलेलीच वाट. त्यासाठी इंजिनं बनवणारे ग्लुश्को आरडी-२७० इंजिन बनवत होते, एका चेंबरचं ६४० टनांचं, जवळपास एफ-१ एवढं. मिहीरने वर जे लिहिलंय त्याचा यांनाही तोच त्रास, १९६७ ते ६९ मध्ये चाचण्या झाल्या, ज्वाला स्थिर राहत नव्हती, आणि मग प्रकल्पच बंद झाला.

त्यातलं इंधन मात्र भयंकर होतं, हेप्टिल आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइड. एकमेकांना लागले की आपोआप पेटतात, साठवायला सोपे, पण दोन्ही जहाल विष. कोरोलेव माणसांच्या रॉकेटमध्ये ते घालायला तयार नव्हते आणि ग्लुश्को दुसरं करायला तयार नव्हते, त्यावरून दोघांचं फाटलं. १९६० मध्ये बायकोनूरला याच जातीच्या इंधनाचं आर-१६ क्षेपणास्त्र पॅडवर पेटलं तेव्हा मार्शल नेडेलिनसकट कितीतरी लोक जळून गेले होते. आता तेच इंधन हजारो टन भरलेलं रॉकेट पॅडच्या वर पाचशे मीटरवर फुटलं तर काय, हा विचार करा. एन-१ तर दुसऱ्या उड्डाणात पॅडवरच कोसळलं होतं, ते केरोसीनचं होतं म्हणून आसपासची जमीन परत वापरता आली. यूआर-७०० बनलं नाही ते फार चांगलं झालं.

---

खगोलवेडा_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री जागून सगळं वाचलं. शेवटचं एक विचारतो, आता स्पेसएक्सचं स्टारशिप उडतंय, ते सी ड्रॅगनच्या किती जवळ गेलंय? आणि आज कोणी ५५० टनांचा विचार करतंय का?

---

मिहीर_के

उंचीत बऱ्यापैकी जवळ आहे, १२० मीटरच्या वर. फरक जाडीत आहे, ९ मीटर विरुद्ध २३, म्हणजे काटछेद साडेसहापट. भरल्यावर वजन ५,००० टनांच्या आसपास, थ्रस्ट ७,००० टनांच्या वर, म्हणजे सॅटर्न ५ च्या दुप्पट पण सी ड्रॅगनच्या पाचवा हिस्सा. आणि तो थ्रस्ट ३३ इंजिनांत वाटलेला, प्रत्येक इंजिन स्टँडवर बांधून तपासता येतं, एखाददुसरं बंद पडलं तरी बाकीची ओढून नेतात. पोलाद मात्र दोघांनीही निवडलं, ते ट्रुॲक्स यांना नक्की आवडलं असतं. पॅडचं ते म्हणत होते तेही खरं ठरलं, २० एप्रिल २०२३ च्या पहिल्या उड्डाणात टेक्सासच्या पॅडखालचं काँक्रीट उखडून तुकडे दूरवर उडाले, मग पोलादी प्लेटखालून पाण्याचे फवारे मारायची सोय करावी लागली.

५५० टनांचं म्हणाल तर तो आकडा खरंच एकदा परत आला होता. २०१६ मध्ये मेक्सिकोतल्या ग्वादलाहाराला स्पेसएक्सने जे पहिलं मंगळाचं रॉकेट दाखवलं ते १२ मीटर व्यासाचं, ४२ इंजिनांचं, कार्बन फायबरचं होतं, आणि परत न आणता उडवलं तर ५५० टन नेईल असं त्यांनीच म्हटलं होतं. १२ मीटरची एक कार्बनची टाकी खरंच बनवून बार्जवर समुद्रात नेऊन दाब देऊन तपासली, २०१७ च्या सुरुवातीला ती फुटली. त्याच वर्षी त्यांनी व्यास ९ मीटरवर आणला, आणि पुढच्या वर्षाच्या शेवटी कार्बन सोडून स्टेनलेस स्टील घेतलं.